विश्लेषण : गर्भनिरोधक इंजेक्शनने हाडे खरेच ठिसूळ होतात का?

‘ते तीन महिन्यांचे इंजेक्शन नको घेऊस, हाडे ठिसूळ होतात,’ हा सल्ला मुंबईच्या उपनगरांत मैत्रीण मैत्रिणीला देते, नणंद भावजयीला देते. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्ती असो की बोरिवलीतील गृहसंकुल, भीती तीच असते. दवाखान्यात हाच प्रश्न विचारला, तर ‘काही होत नाही’ एवढ्यावर बोळवण होण्याची शक्यता असते. ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. हाडांवर परिणाम होतो, हे खरे. पण तो सर्व गर्भनिरोधकांचा होत नाही, सर्व वयांत सारखा होत नाही आणि बहुतेक स्त्रियांमध्ये तो कायमचाही नसतो. हा फरक समजला नाही, तर एकीला नको असलेले गर्भारपण येते आणि दुसरीला न सांगितलेली जोखीम पत्करावी लागते.

नेमके कोणते साधन चर्चेत आहे?

संप्रेरके असलेली गर्भनिरोधके अनेक प्रकारची आहेत. ‘माला-एन’, ‘माला-डी’सारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. काही साधनांत फक्त प्रोजेस्टिन असते. उदाहरणार्थ, दंडाच्या त्वचेखाली बसवायची कांडी, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आणि इंजेक्शन. हाडांबाबतचा प्रश्न प्रामुख्याने या इंजेक्शनचा आहे. त्याचे औषधी नाव डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन अ‍ॅसिटेट, म्हणजेच ‘डीएमपीए’. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये ‘अंतरा’ या नावाने ते सरकारी दवाखान्यांत मोफत उपलब्ध करून दिले. १५० मिलिग्रॅमची एक मात्रा दर तीन महिन्यांनी स्नायूत टोचली जाते. खासगी डॉक्टरांकडे ते त्याआधीपासूनच मिळत होते.

संप्रेरकांचा हाडांशी संबंध काय?

हाड हा दगडासारखा निर्जीव पदार्थ नव्हे. जुने हाड विरघळवणाऱ्या आणि नवे घडवणाऱ्या पेशी शरीरात सतत काम करत असतात. विरघळण्याचा वेग आटोक्यात ठेवण्याचे काम इस्ट्रोजेन करते. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे भारतीय स्त्रियांमध्ये साधारण ४६-४७ व्या वर्षानंतर, इस्ट्रोजेन आटते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते.

‘डीएमपीए’ मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेश रोखते. त्यामुळे बीज तयार होत नाही आणि गर्भधारणा टळते. पण त्याच वेळी अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेनही कमी होते. इंजेक्शनमध्ये बाहेरून इस्ट्रोजेन दिलेले नसते. त्यामुळे हाडे घडण्यापेक्षा विरघळण्याचा वेग थोडा वाढतो. अनेकींची पाळी काही महिन्यांनी बंद होते, त्यामागेही हेच बदल असतात. पाळी बंद झाली म्हणजे ‘घाण रक्त आत साचले’ असे नव्हे. गर्भाशयाचे अस्तर तयारच झालेले नसते, म्हणून रक्तस्राव होत नाही.

घनता किती घटते? ती भरून येते का?

इंजेक्शन सलग पाच वर्षे घेणाऱ्या प्रौढ स्त्रियांमध्ये कणा आणि खुब्याच्या हाडांची घनता सरासरी ५ ते ६ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. त्यातील घट पहिल्या दोन वर्षांत अधिक वेगाने होते, नंतर वेग मंदावतो. इंजेक्शन थांबवल्यावर इस्ट्रोजेन पूर्ववत होते आणि घनता वाढू लागते. कण्याचे हाड लवकर सावरते, खुब्याला अधिक वेळ लागतो. बहुतेक प्रौढ स्त्रियांमध्ये दोन-तीन वर्षांत मोठा भाग भरून निघतो.

तुलनेसाठी स्तनपानाचे उदाहरण घेता येईल. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांची घनताही काही महिन्यांत ३ ते ५ टक्क्यांनी कमी होते आणि दूध तोडल्यावर पुन्हा भरून येते. त्यासाठी कोणी स्तनपान थांबवण्याचा सल्ला देत नाही. मात्र ही तुलना एका मर्यादेपर्यंतच लागू होते. स्तनपान काही महिन्यांत संपते, इंजेक्शन मात्र वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

मग हाड मोडण्याचा धोका वाढतो का?

घनता कमी होणे आणि हाड मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिशीतल्या स्त्रीच्या हाडांची घनता पाच टक्क्यांनी घटली, तरी तिचे हाड सहजासहजी मोडत नाही. काही अभ्यासांत इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये फ्रॅक्चरचे प्रमाण थोडे अधिक आढळले. पण ब्रिटनमधील तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या वैद्यकीय नोंदींवर आधारित, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळीच बाब पुढे आली. इंजेक्शन घेणाऱ्या गटात फ्रॅक्चरचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते, परंतु ते इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीही जास्तच होते आणि सुरू केल्यानंतर वाढले नाही. म्हणजे हे साधन निवडणाऱ्या स्त्रियांची मूळ जोखीमच वेगळी असू शकते. दोष सरसकट औषधावर टाकता येत नाही, तसेच ते पूर्णपणे निर्धोक असल्याचेही म्हणता येत नाही.

अमेरिकेने इशारा दिला, जागतिक आरोग्य संघटनेने का नाही?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००४ मध्ये या इंजेक्शनच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले. त्या देशात औषधावर दिला जाणारा हा सर्वांत कडक इशारा. इतर साधने अपुरी ठरत असतील, तरच दोन वर्षांहून अधिक काळ इंजेक्शन घ्यावे, असा त्याचा आशय होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये याच पुराव्यांचा आढावा घेतला आणि वेगळी भूमिका मांडली. १८ ते ४५ वयोगटातील, अन्यथा पात्र असलेल्या स्त्रियांसाठी वापरावर किंवा त्याच्या कालावधीवर बंधन नको, असे संघटनेने म्हटले. १८ पेक्षा कमी आणि ४५ पेक्षा अधिक वयाच्या स्त्रियांमध्येही फायदा सर्वसाधारणपणे जोखमीपेक्षा जास्त आहे, मात्र तेथे विचारपूर्वक निर्णय घ्यावा, असा तिचा सल्ला आहे. पुरावा एकच असताना निष्कर्ष वेगळे निघाले, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे याचा हिशेब वेगळा होता. जिथे बाळंतपणात आणि असुरक्षित गर्भपातात स्त्रियांचे जीव जातात, तिथे एक परिणामकारक साधन हातचे जाणे हीदेखील जोखीमच असते.

भारतात हे इंजेक्शन वादग्रस्त का ठरले?

भारतातील वाद हाडांपासून सुरू झाला नाही. तो संमतीपासून सुरू झाला. १९८० च्या दशकात ‘नेट-एन’ या दुसऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली जात नसल्याचा आक्षेप घेण्यात आला. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची ‘सहेली’ आणि इतरांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९३ मध्ये ‘डीएमपीए’ला खासगी विक्रीसाठी परवानगी मिळाली, तेव्हा पुन्हा विरोध झाला. १९९५ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने ते कुटुंब नियोजन कार्यक्रमात घेऊ नये, अशी भूमिका घेतली. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, याच मंडळाने हिरवा कंदील दाखवला.

मधल्या काळात काय बदलले? नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर येथे नसबंदी शिबिरानंतर डझनाहून अधिक स्त्रियांचा मृत्यू झाला. कुटुंब नियोजनाचा सगळा भार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेवर टाकण्याच्या धोरणावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. तो भार आजही हललेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, गोळ्या घेणाऱ्या ५.१ टक्के, तर इंजेक्शन घेणाऱ्या अवघ्या ०.६ टक्के होत्या. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी साधनांची निवड वाढणे गरजेचे होते, यात शंका नाही. पण संघटनांनी विचारलेला मूळ प्रश्न, म्हणजे ‘तिला सगळे सांगितले का?’, त्यामुळे रद्द होत नाही.

गोळ्या, तांबी आणि नसबंदीचे काय?

दोन संप्रेरके असलेल्या गोळ्यांत इस्ट्रोजेन बाहेरून मिळत असल्याने प्रौढ स्त्रियांच्या हाडांवर उल्लेखनीय दुष्परिणाम होत असल्याचे दिसलेले नाही. किशोरवयात मात्र थोडी सावधगिरी हवी. या वयात गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये हाडांची घनता गोळ्या न घेणाऱ्या मुलींपेक्षा काहीशी कमी वाढते, असे काही अभ्यास सुचवतात. पीसीओडीसाठी महाविद्यालयीन मुलींना या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, म्हणून पालकांनी डॉक्टरांना कारण आणि कालावधी विचारायला हरकत नाही.

तांबीत संप्रेरकच नसते, त्यामुळे हाडांचा प्रश्न येत नाही. संप्रेरकयुक्त गर्भाशय साधन मुख्यतः जागच्या जागी काम करते. दंडातील कांडीनेही इंजेक्शनइतके इस्ट्रोजेन घटत नाही. सरकारी कार्यक्रमातील ‘छाया’ ही आठवड्याची गोळी, म्हणजे लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले सेंटक्रोमन, स्टेरॉइड संप्रेरक नाही आणि ती अंडाशयाचे काम थांबवत नाही.

‘ऑपरेशन केल्यापासून कंबर गेली’ ही तक्रार मराठी घरांत पिढ्यानपिढ्या ऐकू येते. नसबंदीत फक्त गर्भनलिका बंद केल्या जातात. अंडाशय जागेवर असतात, इस्ट्रोजेन चालू राहते. त्यामुळे या शस्त्रक्रियेने हाडे झिजत नाहीत. कंबरदुखीचे कारण बहुधा बाळंतपणानंतर सैल पडलेले स्नायू, वाकून करावी लागणारी कामे किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांत सापडते. हाडांची घनता कमी होणे ही मुळात न दुखणारी गोष्ट आहे. हाड मोडेपर्यंत ती जाणवत नाही.

उपनगरांतील स्त्रियांसाठी हा प्रश्न वेगळा का?

इंजेक्शनची ओढ समजून घ्यायची, तर घर पाहावे लागते. एका खोलीत सासू-सासरे, दीर आणि मुले असताना गोळ्यांचे पाकीट लपवून ठेवणे कठीण असते. पहाटे डबे करून ७.४० ची लोकल पकडणाऱ्या स्त्रीला रोजची गोळी आठवणीने घेणे जड जाते. तीन महिन्यांतून एकदा दवाखान्यात जाणे तिला जमते. रोजच्या व्यवहारातील चुका धरूनही वर्षभरात इंजेक्शन घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ४ स्त्रियांनाच दिवस जातात. गोळ्यांबाबत हे प्रमाण ७ आहे.

मुंबईत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे क्षयरोग. क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. ‘डीएमपीए’वर मात्र असा परिणाम होत नाही. क्षयाचे उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी हे इंजेक्शन उपयुक्त साधन आहे. ‘हाडे झिजतात’ एवढ्या एका वाक्यावर ते नाकारले, तर नुकसान तिचेच होते.

दुसरीकडे, हाडांसाठी उपनगरातील राहणीमान फारसे अनुकूल नाही. दाटीवाटीच्या गल्ल्यांत ऊन खाली पोहोचत नाही. अंधेरीच्या कार्यालयांत दिवस वातानुकूलित खोलीत जातो. काचेतून येणाऱ्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. आधीच ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत इंजेक्शनचा विचार करताना याकडेही पाहायला हवे.

कोणी अधिक सावध राहावे?

पहिला गट किशोरवयीन मुलींचा. हाडांची बहुतांश जमा-पुंजी विशीच्या आत होते आणि पुढचे आयुष्य त्यावर निघते. जमा होण्याच्या वयातच इस्ट्रोजेन घटले, तर पुंजी कमी राहण्याची शक्यता असते. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाल्याचे याच सर्वेक्षणात आढळले होते. त्यामुळे हा प्रश्न कागदोपत्री नाही. दुसरा गट पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा. त्यांना इंजेक्शन थांबवल्यावर हाडे भरून येण्यासाठी वेळच कमी उरतो, कारण रजोनिवृत्ती जवळ आलेली असते.

तिसरा गट इतर जोखीम असलेल्यांचा. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या, फिट्सवरील काही औषधे चालू असलेल्या, वजन खूप कमी असलेल्या, तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्या, पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या किंवा आईला खुब्याचे फ्रॅक्चर झालेले असणाऱ्या स्त्रियांनी ही माहिती डॉक्टरांना स्वतःहून सांगावी.

वर्षभरात बाळ हवे असेल, तर इंजेक्शन योग्य नाही. शेवटच्या मात्रेनंतर गर्भधारणा होण्यास सरासरी दहा महिने लागू शकतात.

हाडांची तपासणी करून घ्यावी का?

इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येक तरुण स्त्रीने हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा स्कॅन, करून घेण्याची गरज नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सरसकट तपासणीची शिफारस करत नाही. सोसायट्यांमध्ये आणि मंडळांच्या कार्यालयांत भरणाऱ्या ‘मोफत हाड तपासणी’ शिबिरांत टाचेवर यंत्र लावून आकडा सांगितला जातो. त्यावरून निदान होत नाही. शिवाय बरेचदा दिला जाणारा ‘टी-स्कोअर’ रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी आहे. पाळी चालू असण्याच्या वयात ‘झेड-स्कोअर’ पाहायचा असतो, म्हणजे आपल्याच वयाच्या स्त्रियांशी तुलना. बत्तीस वर्षांच्या बाईला शिबिरात ‘ऑस्टिओपेनिया’ असल्याचे सांगून महागड्या गोळ्या गळ्यात मारल्या जात असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

स्वयंपाकघरात काय करता येईल?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला १००० मिलिग्रॅम, तर स्तनदा मातेला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांतून तेवढे मिळते. वाटीभर दही किंवा कपभर दुधातून सुमारे २४० आणि मोठा चमचाभर तिळातून शंभरहून अधिक मिलिग्रॅम मिळते. एवढ्यातच सातशेचा आकडा गाठला जातो. शेवग्याचा पाला, माठ आणि काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी उरलेली भर घालते. दिवसभराच्या चहातील दुधावर मात्र विसंबता येत नाही. भरभर चालणे, जिने चढणे, वजन पेलणारा व्यायाम यांनी हाड बळकट होते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, अतिरेकी मात्रेने अपाय होतो.

पालिका आणि सरकारने काय करायला हवे?

मुंबईत १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय उघडपणे मांडला. शतकानंतर साधने बदलली, पण नीट सांगण्याची जबाबदारी तीच आहे. कूपर, राजावाडी किंवा कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात बाळंत होणारी स्त्री, ‘आपला दवाखाना’त येणारी स्त्री किंवा घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेला प्रश्न विचारणारी स्त्री, या प्रत्येकीला चार वाक्ये तिच्या भाषेत ऐकायला मिळायला हवीत. पाळी बदलेल. हाडांची घनता थोडी कमी होईल. थांबवल्यावर ती बहुतांशी भरून येईल. आणि हे नको असेल, तर दुसरी साधने ही आहेत.

याला फार खर्च नाही. इंजेक्शनच्या प्रत्येक लाभार्थीला कार्ड दिले जाते. त्यावर वय, इतर औषधे आणि एकूण मात्रांची नोंद ठेवून दोन वर्षांनी, म्हणजे आठव्या मात्रेला, ‘पुढे चालू ठेवायचे का?’ ही चर्चा ठरवून करता येईल. दोन वर्षे हा थांबण्याचा नव्हे, तर पुन्हा विचार करण्याचा टप्पा असावा. परळमध्ये प्रजनन व बालआरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. नाचणी-मासळी खाणाऱ्या, ऊन कमी मिळणाऱ्या मुंबईकर स्त्रियांच्या हाडांचे काही वर्षांत काय होते, याचा पाठपुरावा करण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

इंजेक्शनवर बंदी घालणे हे उत्तर नाही आणि त्याचे परिणाम झाकून ठेवणे हेही नाही. लाभ आणि जोखीम दोन्ही समजल्यावर एखादी स्त्री ‘हो’ म्हणेल, एखादी ‘नको’ म्हणेल. हाडे तिची आहेत, तेव्हा निर्णयही तिचाच असायला हवा. आज ज्यांची आठवी मात्रा जवळ आली आहे, त्यांनी ती घेण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा, मात्र इंजेक्शन अचानक सोडून देऊ नये. दुसरे साधन हाती येण्याआधी पहिले सोडले, तर नको असलेले दिवस जाण्याचा धोका लगेचच उभा राहतो.